मोबाईलवरची मोटार आणि बांधावरचे पाऊल



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, आणि मंठा गट ऑफिसच्या ओसरीवर पुन्हा दुपारच्या गप्पा सुरू झाल्या. बाहेर ऊन असे की डांबराला चप्पल चिकटावी. अशा वेळी बाजाराला आलेली सभासद मंडळी माठातले पाणी पिण्याच्या निमित्ताने येतात, खोडव्याची नोंद झाली का विचारतात, आणि बसतात. बसले की विषय निघतो तो बहुधा एकच. पूर्वी तो पाऊसपाण्याचा असे, हल्ली मोबाईलचा असतो.

मागच्या बाजाराच्या दिवशी एक आबा म्हणाले, "साहेब, ह्या डबड्यानं गाव नासवलं. चार माणसं पारावर बसली तर चौघांच्या माना खाली. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता नाही." त्यावर शेजारी बसलेला एक तरुण सभासद हळूच म्हणाला, "आबा, उसाचं बिल खात्यात पडल्याचा मेसेज आला तवा मला चार वेळा वाचायला लावला होता ना?" सगळी ओसरी हसली. आबाही हसले. पण जाता जाता आम्हांला बजावून गेले, "तुम्ही कारखान्याच्या अंकात लिहीत असता. ह्याच्यावर लिहा की एकदा. नुसतं युरिया-पोटॅश किती दिवस लिहिणार?"

आबांचा शब्द मोडवत नाही, म्हणून हा लेख. आम्ही काही विचारवंत नव्हे. कृषी पदविका घेतली आणि गेली वीसेक वर्षे मोटारसायकलवर या बांधावरून त्या बांधावर फिरत आहोत. तेव्हा फिरताना जे दिसले तेवढेच सांगणार.

नव्या वस्तूला नावे ठेवण्याची आपली रीत जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते असे म्हणून शेतकऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. नांगर खपायला वर्षे लागली. पुढे त्याच नांगराच्या जोरावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या जालन्याचेच पाहा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे महिको ही बियाण्याची कंपनी काढली. संकरित बियाणे गावोगाव पोचले, ज्वारीचा उतारा वाढला, आणि त्याबरोबर 'हायब्रीड' हा शब्द शिवीसारखा वापरायलाही आपण शिकलो. पोरगं पोतं उचलताना धापा टाकू लागलं की म्हातारी माणसं म्हणायची, "हायब्रीड खाऊन वाढलंय, दुसरं काय होणार!" त्या भाकरीला चव नव्हती हे खरेच. पण तिने पोट भरले हेही खरे. त्याच बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तेव्हा मोबाईल चांगला की वाईट, असा सरसकट निकाल द्यायला आम्ही तयार नाही. एकेक उपयोग हातात घेऊन पाहावा, जसे बेणे घेताना एकेक कांडी पाहतो. ऊस शेतकऱ्याच्या जिवाला सगळ्यांत जवळचा उपयोग म्हणजे मोबाईलवर चालू होणारी पाण्याची मोटार. तिच्यापासूनच सुरुवात करू.

आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. बैलजोडी धावेवरून खाली गेली की मोटेचे पाणी थारोळ्यात पडायचे, बैल मागे सरले की मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर माणूस आणि जनावर राबून भिजे ते इतके थोडे, की ऊस लावायचा विचार सहसा कुणी करत नसे. पुढे ऑईल इंजिने आली. त्यांचा टुकटुक आवाज तीन शिवारांत ऐकू जाई, त्यामुळे कुणाचे इंजिन चालू आणि कुणाचे बंद हे घरबसल्या कळे. मग वीज आली. विजेची मोटार गुमान पाणी ओढते, हा तिचा गुण. तिचा दोष एकच, लाईट केव्हा येणार हे आपल्या हाती नाही.

शेतीपंपाला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास, ही पाळी आपल्या शेतकऱ्याने कित्येक वर्षे काढली. शासनाची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. ज्या फिडरला तिची दिवसाची वीज मिळाली त्यांची सुटका झाली, कुणी स्वतःचा सौर पंप बसवला त्याचीही झाली. बाकीच्यांना रात्रीच्या पाळीचे कौतुक आम्ही सांगायला नको.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा नववीत होतो. पावसाळा सरत आलेला. आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, रात्री दीडच्या सुमारास उठले. आखाड्यावरचा बल्ब गावातून दिसायचा. तो लागला की लाईट आली, असा हिशोब. तात्यांनी हातात काठी घेतली, बॅटरी घेतली. बॅटरीतले सेल संपत आले होते, उजेड पिवळा पडायचा. विहीर चार हातांवर राहिली असताना बांधावर घोणस चावली. तात्या तिथून परतले नाहीत. ते तसेच विहिरीवर गेले, स्टार्टरचे बटण दाबले, दांडात पाणी आलेले पाहिले आणि मग घराकडे निघाले. आमच्या चुलतीने विचारले तर म्हणाले, "परत लाईट गेली असती तर?"

पहिल्यांदा त्यांना गावातल्याच एका उतारा देणाऱ्याकडे नेले. त्यात अडीच तास गेले. नंतर जीप मिळाली, दवाखाना गाठला, लस दिली. पण घोणशीचे विष रक्तात भिनले की मूत्रपिंडावर जाते. तिसऱ्या दिवशी तात्या गेले. त्या रात्री ऊस मात्र भरपूर भिजला. लाईट जाईपर्यंत मोटार चालूच होती, बंद करायला कुणी गेलेच नाही.

म्हणून मोबाईलच्या स्टार्टरला कुणी हसले की आम्हांला राग येतो. देशात पहिला मोबाईल फोन झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला, दोन पुढाऱ्यांमध्ये. तो फोन एक दिवस विहिरीवरच्या मोटारीला लागेल, असे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसेल. ते डोके चालवले पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्याने. त्यांचे आजोबा म्हातारपणी पंप चालू-बंद करायला पायपीट करत, ते पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली. त्यांनी केलेल्या यंत्राचे नाव 'नॅनो गणेश'. नोकिया कंपनीच्या स्पर्धेत २००९ साली त्याला बक्षीस मिळाले. स्टार्टरच्या पेटीशेजारी एक लहान डबी, तिच्यात सिमकार्ड. आपण घरून फोन लावायचा, डबी फोन उचलते, लाईट आहे की नाही हे सांगते, आणि आपण ठरलेला आकडा दाबला की मोटार चालू. आज अशा डब्या अनेक कंपन्यांच्या मिळतात. तात्यांच्या वेळेला ही डबी असती तर, असा विचार आमच्या घरात दर पावसाळ्यात एकदा तरी होतो.

त्याआधी 'ऑटो' होता, तो अजूनही पुष्कळांच्या पेटीत आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. सोय चांगली, पण एका डीपीवरच्या वीस मोटारी एकाच क्षणी दम खेचू लागल्या की डीपीने काय करावे? ती जळते, आणि मग वीसही जण आठ-आठ दिवस वायरमनच्या मागे फिरतात. महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असते ते यासाठीच. मोबाईलच्या डबीत निदान ज्याने त्याने आपल्या वेळेला फोन लावायचा असतो.

आता या डबीच्या गमतीही ऐका. सुरुवातीला काही स्वस्तातल्या डब्या अशा होत्या म्हणे, की कुणाचाही फोन आला तरी चालू व्हायच्या. एका सभासदाने सांगितले, त्याच्या डबीला जाहिरातीचा फोन यायचा आणि भर दुपारी मोटार धडधडू लागायची. आताच्या डब्या नोंदवलेल्या नंबरालाच ओळखतात. दुसरी अडचण रिचार्जची. मोटारीला तेल-पाणी लागते हे ठाऊक होते, आता रिचार्जही लागतो. मुदत संपली की डबी बहिरी. माणूस घरून फोनवर फोन लावतो आणि शेवटी काठी-बॅटरी घेऊन जुन्याच वाटेने निघतो.

पण खरी फजिती तळणीच्या बाजूला झाली. एक सभासद नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला राहतात. शेत गावी, मोटार फोनवर. रात्री जेवण झाले की तिकडून फोन लावायचा, सकाळी चहाच्या वेळी बंद करायची. शेतात फेरी महिन्यातून एकदा. एके दिवशी बांधाजवळची पाईपची जोडणी निसटली. सलग चार रात्री सगळे पाणी शेजारच्या कापसात. कापूस त्यांच्या चुलतभावाचा, आणि दोन्ही घरांचे बोलणे धुऱ्याच्या वादावरून आधीच बंद. चुलतभावाला वाटले, मुद्दाम सोडलेय. इकडे विहीर तळाला गेली, ऊस कोरडा, आणि कापूस उभ्या पाण्यात पिवळा. प्रकरण तंटामुक्ती समितीपर्यंत गेले. तिथे आम्हीही हजर होतो. सभासद सारखे म्हणत होते, "मोबाईलवर तर मोटार चालूच दाखवत होती." खोटे नव्हते ते. मोटार चालूच होती!

मोटार चालू आहे एवढेच डबी सांगते. पाणी कुठे चालले, किती मुरले, सरीच्या शेवटच्या टोकाला पोचले की नाही, हे ती सांगत नाही. आपली जमीन काळी, भारी. वरून भेगाळलेली दिसली तरी वीतभर खाली ओल असते. मूठभर माती घेऊन दाबली, तिचा गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आहे. गोळा फुटला नाही, हाताला चिकटला, तर आज पाणी नको. एवढी साधी परीक्षा आहे, पण तिला हात लागतो. ज्यांची मोटार रात्रीच्या जोखमीने चालू व्हायची ते पाणी जपून द्यायचे, कारण प्रत्येक पाण्याला एक फेरा होता. आता फेरा नाही. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ झाले. निर्णय गरिबाच्या सोयीचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण फेरा नाही, बिल नाही, मग मोटार बंद करायला माणसाला आठवण कशाने व्हावी? पूर्णाकाठच्या दोन-तीन मळ्यांत आम्हांला सरीत शेवाळ दिसले. मुळांना हवा मिळत नाही, खत खाली वाहून जाते, आणि काही वर्षांत जमीन चोपण होते. चोपण जमीन सुधारायला जिप्सम लागते, निचऱ्याचे चर लागतात, आणि धीर लागतो. ठिबक केलेल्या सभासदांचे यातून बरेचसे निभावले आहे. ज्यांनी केले नाही त्यांनी डबी घेण्याआधी ठिबक घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलटा क्रम झाला की पाणी वाया घालवणे तेवढे सोपे होते.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. जमिनीत ओल मोजणारे काटे पुरलेले असतात, वरून उपग्रह पाहतो, आणि आज पाणी द्यायचे की नाही याचा निरोप फोनवर येतो. आपल्या काही सभासदांनी त्याची माहिती विचारली. आमचे म्हणणे, जरूर पाहा. ओल मोजणारा काटा हा माती दाबून पाहणाऱ्या मुठीचाच भाऊ आहे. फक्त तो एका जागी पुरलेला असतो, आणि आपल्या शिवारात एका एकरात तीन तऱ्हेची माती सापडते.

आता पुढची गोष्ट आमच्याच चुकीची. लिहिताना हात जड होतो. पण सभासदांच्या फजित्या सांगायच्या आणि स्वतःची झाकायची, हे बरे नव्हे.

गेल्या वर्षी श्रावणात पूर्णाकाठच्या एका सभासदाने आम्हांला मोबाईलवर फोटो पाठवला. उसाची पाने पिवळी. खाली लिहिले होते, "साहेब ऊस पिवळा पडायलाय, काय फवारू?" आम्ही त्या वेळी जालन्याला एका बैठकीत होतो. फोटो बोटाने मोठा करून पाहिला. शेत चुनखडीचे आहे हे ठाऊक होते. केवडा, असे आम्ही ठरवून टाकले. हिराकस ५० ग्रॅम, दहा लिटर पाण्यात, आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी, असे लिहून पाठवले. दोन मिनिटांचे काम. तिकडून जोडलेल्या हातांचे चित्र आले. पूर्वी याच कामाला अर्धा दिवस गेला असता, असे मनात येऊन आम्ही आमचीच पाठ थोपटली.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो, "फरक नाही साहेब." आम्ही पुन्हा फोनवरच विचारले, दुसरी फवारणी झाली का? झाली असेल तर थोडी वाट पाहा. त्यानंतर फोटो आला नाही. फोन आला, आणि तो सभासदाचा नव्हता, त्यांच्या आईचा होता. "साहेब, तुम्ही येता का एकदा? ऊस धरला की हातात यायलाय."

गेलो. मावशी बांधावर उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पायात काही नाही. त्यांनी आम्हांला या म्हटले नाही की बसा म्हटले नाही. सरळ उसात शिरल्या, एक बेट एका हाताने धरले आणि उपटून आमच्यापुढे टाकले. मुळ्या नावालाही नव्हत्या. खुरप्याने माती उकरली, तर वीतभर खोलीवर पांढऱ्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धे वेटोळे करून पडलेल्या. एका बेटाखाली अकरा मोजल्या. हुमणी.

केवड्यात कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात आणि बेट जागचे हलत नाही. हुमणीत मुळेच खाल्ली जातात, म्हणून सगळे बेट मलूल होऊन वाळत जाते आणि ओढले की निघते. हे आम्ही पदविकेच्या वर्गात पाठ केलेले. शेतकरी मेळाव्यात दहा वेळा सांगितलेले. फोटोत शिरा नीट दिसत नव्हत्या, आणि मुळ्या तर दिसणारच नव्हत्या. सभासदाला एकच वाक्य लिहायचे होते, "एक बेट हलवून पाहा." ते आम्हांला सुचले नाही, कारण आमचे पाय त्या वेळी शेतात नव्हते. शेतात असतो तर हात आपोआप बेटाकडे गेला असता.

मावशी म्हणाल्या, "मी पहिल्याच आठवड्यात पोराला म्हणले, वारं नाही काही नाही अन् ऊस कलायलाय, खाली काहीतरी हाय. तर पोरगं म्हणलं, साहेबाचा मेसेज आलाय." त्यांचा मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. आमचीही मान वर नव्हती.

एक एकरापैकी तीस गुंठे ऊस गेला. महिना लवकर कळले असते तर मेटारायझियमची बुरशी मुळाशी देऊन, पाणी देऊन, अळ्या वेचून निम्मा तरी वाचला असता. अळी लहान असते तोवरच औषधाला दाद देते, मोठी झाली की देत नाही. त्या बिलावर सोसायटीचे पीककर्ज फिरवायचे होते आणि नातीची नर्सिंगच्या शाळेची फी भरायची होती. फी मावशींनी म्हैस विकून भरली. हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही, दुसरीकडून कळले. सभासदाने आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. हंगामात त्यांच्या उरलेल्या दहा गुंठ्यांच्या तोडीला आम्ही स्वतः उभे राहिलो. तेवढ्याने काही भरून निघत नाही, हे आम्हांलाही समजते.

त्यानंतर आम्ही आमच्या गटापुरता एक नियम केला आहे. फोटो जरूर पाठवा. आमचे चिटबॉय आणि ओव्हरसियर यांनाही पाठवा. पण नुसत्या पानांच्या फोटोवर औषधाचे नाव मिळणार नाही. पानाच्या वरच्या बाजूचा एक, खालच्या बाजूचा एक, आणि एक बेट उपटून मुळांचा एक, असे तीन फोटो पाठवावेत. दिसल्यावरही शंका राहिली तर आमच्यापैकी कुणीतरी तीन दिवसांत शेतावर येईल. कुणी आले नाही तर सरळ गट ऑफिसला येऊन आमचा कान धरावा.

ओसरीवर निघालेल्या बाकीच्या गोष्टींवर दोन-दोन शब्द लिहितो. राशन दुकानातल्या यंत्रावर पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा अंगठा उमटत नाही. तोडणीच्या मजुरांचाही उमटत नाही. ऊस तोडून तोडून बोटांच्या रेषाच झिजतात. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी दिले गेले. कष्टकऱ्यापासून सुरुवात केली खरी, पण कष्टाने बोट झिजते हे यंत्राला कुणी शिकवायचे? ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांनी डोळ्याची किंवा फोनवरच्या आकड्याची सोय मागून घ्यावी, रिकाम्या पिशवीने परतू नये.

ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. तिला पुष्कळ जण वैतागतात, कारण रेंज असते गावात आणि फोटो काढायचा असतो शेतात. आम्हांला मात्र तिची एक गोष्ट आवडली. ती शेतकऱ्याला शेतात उभा राहा म्हणते! गेल्या खरिपात एका सभासदाने आपली नोंद करायला नातवाला पाठवले. नातू तिथून फोन करून म्हणाला, "आजोबा, आपल्या तुरीत कुणाच्या तरी शेळ्या आहेत."

आणि गावाच्या मोबाईल ग्रुपवर उसाच्या भावाच्या ज्या बातम्या फिरतात त्यांविषयी एवढेच, की उसाला पहिली उचल किती मिळाली हे पाहायचे तर आपल्या पासबुकात पाहावे. वजनाचा मेसेज काट्यावरून थेट येतो, तो जपून ठेवावा आणि पावतीशी ताडून पाहावा. ताडताना फरक आढळला तर बिनदिक्कत विचारावे. या एका कामात मोबाईलने सभासदाच्या हातात पूर्वी कधी नव्हते असे माप दिले आहे, आणि ते आम्हांला फार मोलाचे वाटते.

आता निकडीचे. उन्हाळा संपत आला. रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की जमिनीतून हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतील. दिवसा ते दिसत नाहीत. तिन्हीसांजेनंतर कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाने खायला जमतात. एक मादी जमिनीत ५० ते ६० अंडी घालते, म्हणजे जूनमध्ये एक भुंगेरा मारला तर श्रावणातल्या पन्नासेक अळ्या मेल्या असे धरावे. उपाय जुनाच आहे. रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान झाडाखाली ताडपत्री किंवा जुने धोतर पसरावे, फांद्या काठीने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. जमल्यास शेतात दिव्याचा सापळा लावावा. सलग आठ-दहा रात्री, आणि सगळ्या शिवाराने एकदम करावे. एकाने केले आणि दहा जण झोपले तर उपयोग नाही, कारण भुंगेऱ्याला गट नंबर कळत नाही. जाताना पायात बूट आणि हातात काठी असावी. कुणाला काही चावलेच तर उतारा-मंत्र करू नये, पायाला करकचून दोरी बांधू नये, पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मिळते.

तळणी आणि पूर्णाकाठच्या गावांसाठी कोणत्या रात्री कोणत्या शिवारात जायचे, हे पहिला पाऊस झाल्यावर गट ऑफिसच्या फळ्यावर लिहू, आणि मोबाईलवरही कळवू. मावशींच्या बांधावर तीन मोठे कडुनिंब आहेत. सुरुवात तिथून करायचे ठरले आहे. तात्यांची बॅटरी आमच्या घरी अजून खुंटीला आहे, काच शाबूत आहे. तिच्यासाठी परवाच मंठ्याच्या बाजारातून नवे सेल आणले.